उपपत्तीची सीमा : गोदावरी खोऱ्यातील गणक आणि फलज्योतिष

भारतीय परंपरेत ज्योतिष या एकाच शास्त्राचे तीन स्कंध, म्हणजे तीन मोठ्या शाखा, मानल्या गेल्या : ग्रहांच्या गती, ग्रहणे आणि कालगणना यांचे गणित करणारा सिद्धांतस्कंध, ज्याला गणितस्कंधही म्हणतात, पाऊस, दुष्काळ, धूमकेतू, राजांचे जयापजय आणि शुभाशुभ मुहूर्त यांचा विचार करणारा संहितास्कंध, आणि जन्मवेळेवरून व्यक्तीच्या आयुष्याचे फल सांगणारा होरास्कंध. आज पहिल्या शाखेला खगोलशास्त्र आणि उरलेल्या दोहोंना फलज्योतिष म्हणून वेगवेगळ्या घरांत बसवले जाते. परंतु विसाव्या शतकापूर्वीच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या भारतीय गणकाच्या ठिकाणी या तिन्ही शाखा एकत्र नांदत होत्या. या वस्तुस्थितीचा निकाल दोन सोप्या मार्गांनी लावला जातो. एक पक्ष म्हणतो की हे लोक मनाने वैज्ञानिकच होते, केवळ पोटासाठी त्यांना पत्रिका मांडाव्या लागल्या. दुसरा पक्ष म्हणतो की एवढ्या कुशाग्र बुद्धीच्या माणसांनी जे मानले ते खोटे कसे असेल. पहिले उत्तर त्या विद्वानांना त्यांच्याच ग्रंथांविरुद्ध ढोंगी ठरवते, दुसरे त्यांच्या गणिताची पुण्याई त्यांच्या भाकितांच्या खाती जमा करते, आणि दोन्ही उत्तरे खऱ्या प्रश्नाला बगल देतात. तो प्रश्न प्रमाणाचा आहे, म्हणजे एखादे विधान खरे मानण्यासाठी कोणते साधन पुरेसे धरावे याचा आहे : या विद्वानांनी गणितासाठी जे प्रमाण धरले तेच फलासाठी धरले होते काय, आणि नसेल तर ते का?

हा प्रश्न तपासण्यासाठी गोदावरीचे खोरे आणि त्याच्या आसपासचा मुलूख विशेष सोयीचा आहे. भास्कराचार्यांच्या घराण्याची स्मृती जपणारा शिलालेख खानदेशातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, ‘सिद्धांतसुंदर’ हा ग्रंथ १५०३ च्या सुमारास लिहिणारा ज्ञानराज पार्थपूरचा, म्हणजे आजच्या पाथरीचा, गोदातीरावरील गोलग्रामाच्या दिवाकराच्या वंशात ‘ग्रहलाघवा’चे टीकाकार मल्लारी आणि विश्वनाथ, ‘सिद्धांतशिरोमणी’वर टीका लिहिणारा नृसिंह आणि ‘सिद्धांततत्त्वविवेक’कार कमलाकर असे विद्वान झाले, आणि मुहूर्तशास्त्राचा उत्तर भारतभर प्रमाण मानला गेलेला ‘मुहूर्तचिंतामणी’ हा ग्रंथ १६०० मध्ये काशीत लिहिणाऱ्या राम दैवज्ञाचे मूळ घराणे गोदाकाठच्या धर्मपुरीचे. यांतील अनेक घराणी पुढे काशीला जाऊन स्थिरावली, त्यामुळे काशीची म्हणून गाजलेली बरीचशी ज्योतिषविद्या वस्तुतः गोदावरीच्या पाण्यावर वाढलेली आहे.

यांच्या गणिताचे स्वरूप एका गावाच्या उदाहरणाने पाहता येते. निफाड तालुक्यातील, मुंबई–आग्रा महामार्गावर बाणगंगेच्या काठी वसलेले ओझर हे गाव १९६४ पासून मिग विमानांच्या कारखान्यामुळे देशभर ओळखले जाऊ लागले आणि बोलण्यात ‘ओझर मिग’ असाच त्याचा उल्लेख होतो. त्याचे अक्षांश विषुववृत्तापासून उत्तरेस सुमारे २० अंश ६ कला इतके आहेत. जुना गणक मात्र अंशांनी सुरुवात करत नसे. तो ‘पलभा’ विचारी. ज्या दिवशी दिवस आणि रात्र समान असतात त्या दिवशी भर मध्यान्ही १२ अंगुळे उंचीच्या शंकूची, म्हणजे सपाट जमिनीवर उभ्या रोवलेल्या खुंटीची, जी सावली पडते तिची लांबी म्हणजे त्या स्थळाची पलभा. ओझरची पलभा सुमारे ४ अंगुळे २३ व्यंगुळे भरते, नाशिकची ४ अंगुळे २२ व्यंगुळे, आणि उत्तरेकडील उज्जयिनीची ५ अंगुळे ८ व्यंगुळे. एका अंगुळाची ६० व्यंगुळे होतात, तेव्हा नाशिकहून ओझरला गेले की सावली अंगुळाच्या साठाव्या भागाइतकीच वाढते.

या एका सावलीवरून पुढचे सगळे निघते. पलभेला अनुक्रमे १०, ८ आणि १० भागिले ३ यांनी गुणले की तीन चरखंडे मिळतात, म्हणजे विषुववृत्तावरील राशींच्या उदयकालात त्या स्थळासाठी करावयाच्या दुरुस्त्या. ओझरसाठी त्या ४४, ३५ आणि १५ पळे येतात, पळ म्हणजे २४ सेकंद. विषुववृत्तावर मेष, वृषभ आणि मिथुन या राशींना क्षितिजावर उगवण्यास २७८, २९९ आणि ३२३ पळे लागतात. त्यांतून ही चरखंडे क्रमाने वजा केली की ओझरला मेष २३४, वृषभ २६४ आणि मिथुन ३०८ पळांत उगवते, आणि तीच उलट क्रमाने मिळवली की कर्क ३३८, सिंह ३३४ आणि कन्या ३२२ पळांत. येथे राशी सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या, धरल्या आहेत. सहांची बेरीज १८०० पळे, म्हणजे बरोबर बारा तास, होते. ओझरच्या क्षितिजावर मेष राशी सुमारे ९४ मिनिटांत संपूर्ण वर येते आणि कर्क राशीला १३५ मिनिटे लागतात, हे विधान लग्न काढण्यासाठी आवश्यक आहे. लग्न म्हणजे जन्मक्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असलेला राशीचा भाग, ज्याच्यावर पत्रिकेची बारा घरे उभी राहतात. परंतु तेच विधान फलाशी काहीही संबंध न ठेवता तपासताही येते. तिन्ही चरखंडांची बेरीज ९४ पळे येते, तिची दुप्पट बारा तासांत मिळवली की ओझरचा सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा ठरतो, आणि जूनमध्ये घड्याळ हाती धरून बसणाऱ्या कोणालाही तो तेवढाच आढळेल. खुंटी, सावली आणि गुणाकार एवढ्याच सामग्रीवर साधलेली ही अचूकता थक्क करणारी आहे, आणि फलज्योतिषाची सामाजिक प्रतिष्ठा पुष्कळ अंशी या उसन्या अचूकतेवर टिकून राहिली असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

भास्कराचार्यांनी (जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४) या दोन्ही टोकांचा संबंध लपवलेला नाही. ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायात ते सांगतात की जुन्या गणकांच्या मते ज्योतिषशास्त्राचे फल म्हणजे आदेश, अर्थात शुभाशुभ कथन, आदेश लग्नावर अवलंबून, लग्न स्पष्ट ग्रहांवर, स्पष्ट ग्रह गोलाच्या ज्ञानावर, आणि गोल गणितावाचून कळत नाही. साखळीच्या एका टोकाला गणित आहे आणि दुसऱ्या टोकाला भविष्यकथन, अशी ही रचना ते निःसंकोचपणे मांडतात. मात्र त्याच ग्रंथावरील स्वतःच्या वासनाभाष्यात, ग्रहांच्या एका कल्पातील, म्हणजे सृष्टीच्या एका प्रदीर्घ कालखंडातील, फेऱ्यांची संख्या कोणत्या आधारावर मानावी याची चर्चा करताना, ते एक फार मोलाचा नियम सांगतात : या गणितस्कंधात आगम प्रमाण आहे खरा, पण जो उपपत्तीने युक्त आहे तोच. आगम म्हणजे परंपरेने आलेला शब्द, आणि उपपत्ती म्हणजे तो शब्द का खरा हे दाखवणारी सिद्धता. पूर्वसूरींचे वचन आदरणीय असले तरी सिद्धता नसेल तर गणितात त्याला किंमत नाही, एवढा स्वच्छ निर्णय बाराव्या शतकात दिलेला आहे. त्या निर्णयातील सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र त्याचे क्षेत्र सांगणारा आहे. नियम गणितस्कंधापुरता आहे. संहिता आणि होरा यांच्याविषयी येथे मौन आहे. ज्या माणसाला शब्दाच्या आणि सिद्धतेच्या अधिकारातला फरक इतका नेमका कळला होता, त्याने ती सीमारेषा नजरचुकीने ओढली असे समजणे कठीण आहे.

त्या घराण्याचा पुढचा इतिहास या रेषेच्या दोन्ही बाजूंनी वाहतो. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने आपल्याकडे नेले, आणि नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य दैवज्ञ झाला. १२०७ च्या सुमारास निकुंभ वंशातील सोइदेवाने दिलेल्या दानावर चांगदेवाने पाटण येथे मठ स्थापला, तो ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि भास्कराचार्यांच्या इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेल्या त्या शिलालेखाच्या शेवटी मठाला मिळणाऱ्या करांचा तपशील जुन्या मराठीत कोरलेला आहे, म्हणजे गणितविद्येचा खर्च बाजारपेठेतून कसा भागत होता याची ती पावतीच होय. जवळच्याच बहाळ येथील शके ११४४ च्या लेखातील अनंतदेव हा याच वंशातला आणि सिंघणाच्याच दरबारातला दैवज्ञ. त्याने ब्रह्मगुप्ताच्या सिद्धांतग्रंथातील एका प्रकरणावर टीका लिहिली आणि वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’वरही. एकाच लेखणीतून गणिताची टीका आणि जातकाची टीका उतरण्यात कोणालाही विसंगती वाटली नाही. राजाश्रय दैवज्ञ या पदाला मिळत होता आणि त्या आश्रयावर गणिताची शाळा चालत होती, ही गोष्ट खरी. पण पोटाची गरज एवढ्यानेच सगळे उलगडत नाही, कारण टीकाग्रंथाची मेहनत कोणी निव्वळ दरबारी देखाव्यासाठी करत नाही.

रेषेच्या दोन बाजूंना दोन वेगळे न्याय कसे चालत होते हे सर्वांत स्पष्ट दिसते ते कोकणातील नांदगावच्या केशव आणि गणेश या पितापुत्रांत. केशवाने ब्राह्म, आर्य आणि सौर या तिन्ही पक्षांच्या, म्हणजे ग्रंथपरंपरांच्या, गणिताने येणारे ग्रह प्रत्यक्ष आकाशाशी ताडून पाहिले, त्यांत मोठे फरक आढळल्याचे नोंदवले, आणि पुढच्या गणकांनीही वेध घेऊन गणित सुधारत राहावे असे सांगितले. गणेश दैवज्ञाने १५२० च्या ‘ग्रहलाघवा’त हा उपदेश तंतोतंत अमलात आणला. सूर्य सौर पक्षाचा घ्यावा, चंद्रही सौरच पण ९ कला कमी करून. गुरू आणि मंगळ आर्य पक्षाचे. शनी आर्य पक्षाचा पण त्यात ५ अंश मिळवून. शुक्राचे केंद्र आर्य आणि ब्राह्म यांच्या मधले. असा त्याचा निवाडा आहे. तीन पूज्य ग्रंथपरंपरांपैकी कोणत्याही एकीला संपूर्ण न मानता आकाशात जे दिसते त्याप्रमाणे प्रत्येकीतून हवे ते उचलायचे, आणि तरीही जुळत नसेल तर ५ अंशांची भर घालायची, हे धार्ष्ट्य लहान नव्हे. अशा दुरुस्तीला बीजसंस्कार म्हणत, आणि बीजसंस्कार हे भारतीय गणिताने स्वतःची चूक कबूल करण्यासाठी निर्माण केलेले अधिकृत साधन होते. ते वापरणाऱ्याला कोणी पाखंडी म्हणत नसे. याच केशवाने ‘मुहूर्ततत्त्व’ आणि ‘जातकपद्धती’ हे ग्रंथ लिहिले, आणि याच गणेशाने ‘मुहूर्ततत्त्वा’वर टीका केली. त्या बाजूला मात्र बीजसंस्कार नाही. अमुक योगाचे सांगितलेले फल इतक्या पत्रिकांत ताडून पाहिले, इतक्या ठिकाणी आले नाही, तेव्हा ते काढून टाकावे किंवा बदलावे, असा प्रयोग तेथे आढळत नाही. शनीची जागा ५ अंशांनी चुकलेली असताना त्या चुकीच्या शनीवरून शतकानुशतके सांगितलेल्या फलांचे काय झाले, हा प्रश्न तर अगदी दाराशी येऊन उभा होता. तो कोणी आत घेतला नाही.

ग्रहणाच्या बाबतीत ही दोन प्रमाणे उघडपणे समोरासमोर आली. चंद्रग्रहण पृथ्वीच्या छायेमुळे आणि सूर्यग्रहण चंद्र आड आल्यामुळे होते, हे आर्यभटापासून सर्व सिद्धांतकारांना ठाऊक होते आणि त्यांचे ग्रहणगणित त्याच आधारावर चालते. परंतु श्रुती, स्मृती आणि संहिता राहूला ग्रहणाचे कारण मानतात, आणि ग्रहणकालचे स्नान-दान त्या मान्यतेशी बांधलेले. ब्रह्मगुप्ताने ६२८ च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त छायेचे गणित तर दिले, पण राहू नाकारणाऱ्यांवर ते वेदस्मृतिबाह्य बोलत असल्याचा आक्षेपही घेतला. चारशे वर्षांनी अल्-बिरुनीने हे वाचले तेव्हा त्याला राग आला. स्वतः फलज्योतिषाचे पाठ्यपुस्तक लिहूनही त्या विद्येवर फारसा विश्वास नसलेल्या या विद्वानाला, सत्य माहीत असताना ब्रह्मगुप्ताने पुरोहितवर्गाची बाजू घेतली असे वाटले. भास्कराचार्यांनी जी तडजोड काढली ती अधिक कुशल आहे : शंभूच्या वरामुळे तमोमय राहू पृथ्वीच्या छायेत शिरून चंद्राला झाकतो आणि चंद्रात शिरून सूर्याला, म्हणून सर्व आगमांशी विरोध राहत नाही. गणितातली एक कलाही न बदलता परंपरेचा मान राखणारी ही युक्ती तर्कदृष्ट्या निर्दोष आहे, आणि नेमकी म्हणूनच पोकळ. कारण राहू छायेत असो वा नसो, ग्रहणाची वेळ तीच राहते, तेव्हा या राहूला करण्यासारखे काही उरतच नाही.

गोदावरी खोऱ्याला या द्वैताचा आणखी एक दाखला लाभला आहे, आणि तो ओझरच्या वेशीपर्यंत येतो. गुरू सिंह राशीत असतो त्या काळाला सिंहस्थ म्हणतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा कुंभमेळा त्यावरच ठरतो. याच काळात विवाहादी मंगलकार्ये वर्ज्य सांगितली आहेत, आणि ‘मुहूर्तचिंतामणी’त त्या निषेधाचा भूगोल दिलेला आहे. एका नक्षत्राचे चार चरण आणि एक चरण म्हणजे ३ अंश २० कला असे मोजमाप धरून तेथे म्हटले आहे की मघा नक्षत्रापासून पहिल्या पाच चरणांतला गुरू सर्वत्रच निंद्य. उरलेल्या चार चरणांत दोष नाही, अपवाद फक्त गंगा आणि गोदा यांच्या मधल्या प्रदेशाचा. सूर्य मेषेत असेल तर मात्र या मधल्या प्रदेशातही विवाह चालतो. आणि कलिंग, गौड व गुर्जर देशांत सिंहस्थाचा सगळाच काळ वर्ज्य. ओझर गोदावरीच्या उत्तरेस असल्याने ते निषिद्ध पट्ट्यात पडते. नाशिकमध्ये पंचवटी डाव्या तीरावर आणि जुने नाशिक उजव्या तीरावर असल्याने, नियम शब्दशः घेतला तर गुरू सिंह राशीच्या अखेरच्या चार चरणांत असताना एकाच शहरातील एका तीरावर लग्न लागू शकते आणि पूल ओलांडून दुसऱ्या तीरावर लागू शकत नाही.

स्थळाचा विचार गणितातही आहे आणि मुहूर्तातही आहे, पण दोन्हीकडे स्थळ हे निरनिराळ्या अर्थाने येते. पलभा नाशिक ते ओझर एका व्यंगुळाने बदलते आणि उज्जयिनीपर्यंत हळूहळू, अखंडपणे वाढत जाते. तिला गोदावरी दिसत नाही. निषेध मात्र नदीच्या पात्रापाशी एकदम बदलतो, आणि कलिंग देशाच्या सीमेवर पुन्हा एकदा. गुरूचा काही भौतिक प्रभाव पृथ्वीवर पडत असेल अशी कल्पना केली तरी तो पाण्याच्या पट्ट्याशी थांबण्याचे कारण सांगता येणार नाही. हा नियम निसर्गाचे वर्णन नसून धर्मशास्त्राची व्यवस्था आहे, तीर्थक्षेत्राच्या महिम्याशी आणि देशाचाराशी, म्हणजे त्या त्या मुलखाच्या रूढीशी, निगडित. आणि व्यवस्था म्हणून वाचला तर तो समजण्यासारखाही आहे, कारण कायद्याच्या सीमा नदीशी थांबतातच. घोटाळा होतो तो कायद्याचे विधान निसर्गनियमाच्या भाषेत मांडल्यामुळे, आणि ते मांडणाऱ्याच्या हातात खरा निसर्गनियम सांगणारी गणिताची कोष्टकेही असल्यामुळे.

या घोटाळ्याला तात्त्विक आधार देणारा सिद्धांतही उपलब्ध होता. वराहमिहिराने ‘लघुजातका’त म्हटले आहे की पूर्वजन्मी साठवलेल्या शुभाशुभ कर्माचा परिपाक हे शास्त्र केवळ प्रकट करते, अंधारातल्या वस्तू दिवा दाखवतो तसा. म्हणजे ग्रह कारण नसून सूचक आहेत; नदीच्या दोन तीरांवर एकच ग्रह वेगळे का वागतो हा आक्षेप मग आपोआप गळून पडतो, कारण ग्रह काही करतच नाही. पण या बचावाची किंमत मोठी आहे. फल चुकले तर दोष कधी गणिताचा, कधी जन्मवेळेचा, कधी अनुष्ठानाने बदललेल्या कर्माचा ठरतो, आणि शास्त्राचा कधीच ठरत नाही. त्यातही नवल असे की हाच वराहमिहिर यवनांना, म्हणजे ग्रीकांना, या शास्त्रात पारंगत असल्यामुळे ऋषींसारखे पूज्य मानतो. तेव्हा होरास्कंधाचा आगम वेदाइतका अस्पर्श आहे असे तर त्यालाही वाटत नव्हते. बाहेरून आलेल्या शब्दाला मान द्यायला तो तयार होता, पण त्या शब्दाची परीक्षा घेण्याची वेळ आली नाही.

धर्माच्या बाजूनेही आक्षेप आले, पण त्यांचा रोख वेगळा होता. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांत, ज्या बौद्ध भिक्षूंचा वास होता, त्यांच्या ब्रह्मजालसुत्तात भविष्य सांगून पोट भरणे हे हीन मानले आहे. आणि त्या यादीत ग्रहणाचे भाकीतही आहे, जे पुढे अचूक ठरणार होते. सुत्ताला भाकीत खरे की खोटे याच्याशी कर्तव्य नाही. भिक्षूने त्यावर जगू नये, एवढेच त्याचे म्हणणे. सतराव्या शतकात तुकोबांनी शकुन आणि भूत-भविष्य सांगणाऱ्यांचा कंटाळा बोलून दाखवला तोही भक्तीच्या भूमिकेवरून. हे दोन्ही नकार नैतिक आहेत आणि आपल्या जागी भक्कम आहेत, पण उपपत्तीचा प्रश्न ते विचारत नाहीत. ज्यांना तो विचारता येत होता ते पंचांगे करत बसले होते.

युरोपात फार वेगळे घडत नव्हते. सम्राट रुडॉल्फचा गणितज्ञ योहानेस केप्लर याने १६०८ मध्ये पुढे सेनानी म्हणून गाजलेल्या वालेनश्टाइनची पत्रिका मांडली, राशींची पारंपरिक फले नाकारली आणि ग्रहांमधील कोनांचा परिणाम मात्र खरा मानला; गॅलिलिओने पादुआत असताना पत्रिका केल्या. फरक एवढाच की केप्लर निदान काय ठेवायचे आणि काय टाकायचे याचा झगडा कागदावर करत होता.

महाराष्ट्रात असा झगडा एकोणिसाव्या शतकात सुरू झाला, पण तोही गणिताच्या अंगणात. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये युरोपीय कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ तयार केली आणि १८६५ पासून त्यांचे नवे पंचांग पटवर्धनी या नावाने निघू लागले. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन मानाचा पुरस्कार केला. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा ताऱ्यावरून राशींचा आरंभ ठरवणारा चित्रा पक्ष मांडला, तर रेवती नक्षत्रातील ताऱ्यापासून आरंभ धरणारा पक्ष टिळक पंचांगात टिकला. चित्रा आणि रेवती या पक्षांत सुमारे ४ अंशांचे अंतर आहे. गणिताच्या दृष्टीने हा आरंभबिंदूचा प्रश्न असून कोणताही बिंदू घेतला तरी आकाश तेच राहते. पण ३० अंशांच्या राशीतले ४ अंश म्हणजे साधारण दर साडेसात जन्मांमागे एका जन्माची चंद्ररास दोन पंचांगांत वेगळी, आणि गुरूच्या मध्यम गतीने ४ अंश म्हणजे सुमारे ४८ दिवस, म्हणजे सिंहस्थाचा आरंभही तेवढा पुढेमागे. दोन्ही राशींची फले एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. वादासाठी भरलेल्या परिषदांतून आणि लेखांतून कोणता बिंदू शास्त्रोक्त याचा कीस पाडला गेला. दोन्ही पंचांगांच्या पत्रिका घेऊन कोणाची फले अधिक जुळतात ते मोजावे, ही साधी सूचना त्या धामधुमीत प्रभावी ठरली नाही. दीक्षितांचा १८९६ मधील ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ तिन्ही स्कंधांचा इतिहास अजोड परिश्रमाने देतो, आणि वर आलेली पुष्कळशी माहिती मराठीत प्रथम त्यानेच एकत्र केली.

मोजणी झाली ती पुण्यात, २००८ मध्ये. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मनोंदींवरून २०० पत्रिका तयार केल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० देऊन कोणती पत्रिका कोणत्या गटातली हे ओळखण्यास सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठवली. नाणे फेकून जे २० बरोबर येतील तेवढीही त्यांची सरासरी भरली नाही, आणि सगळ्या २०० पत्रिका घेतलेल्या एका संस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली. २००९ मध्ये हे ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. या प्रयोगात पाश्चात्त्य असे काही नव्हते. भास्कराचार्यांनी गणितस्कंधासाठी घातलेली अट होरास्कंधाला लावली, इतकेच. प्रयोगावर आलेल्या आक्षेपांत जन्मवेळेच्या अचूकतेचा मुद्दा होता, मतिमंदत्व पत्रिकेवरून पाहण्याच्या रीतीचा होता, आणि फल हे पूर्वकर्माचे असल्याने त्याची अशी परीक्षा घेता येत नाही हाही होता. यांतले पहिले दोन आक्षेप अधिक चांगल्या प्रयोगाची मागणी करतात, आणि तो करणे कोणत्याही ज्योतिष परिषदेच्या आवाक्यात आहे. तिसरा आक्षेप मान्य केला तर लग्न पळापळापर्यंत अचूक काढण्याचे कारणच उरत नाही, आणि ओझरची पलभा ४ अंगुळे २३ व्यंगुळे आहे की ५ अंगुळे ८ व्यंगुळे याने काही बिघडत नाही.